उद्याची चावी

खर्डीच्या रेल्वे फाटकावर विठूचा अंगठा चिरडला, तेव्हापासून त्याच्या घड्याळाला चावी लेक राहीच द्यायची. रोज सकाळी एकदाच, हळू. घुंडी अडली की बोटं काढून घ्यायची. तिला बघायला आलेल्या मुरबाडच्या मुलाने सुपारी फुटायच्या आतच ते घड्याळ हुंड्यात मागितलं आणि लगेच पिळायला घेतलं. "आजची चावी झालीय, पावनं. अडलंय ते, थांबा," राही दाराआडून म्हणाली. "तू भात कांड गो," तो हसला. "उद्याचीपण भरून ठेवतो." आणि जुंपण्याआधी बैलाला दुप्पट वैरण कोंबावी तशी त्याने घुंडी आवळली. आतली कमान कट्‌कन तुटली. "डबडं हाये!" म्हणत त्याने घड्याळ विठूच्या मांडीवर टाकलं. विठू त्याचीच माफी मागायला लागला, तशी राही बाहेर आली आणि पाहुण्यांपुढच्या भरल्या कपबश्या उचलू लागली. "बरं झालं बाबा, घड्याळावरच भागलं."