पेंढ्याची खोली

दार लागलं आणि काहीच ऐकू आलं नाही.

परीक्षक बाईंनी आवाज मोजायचं यंत्र दाराजवळ धरलं. काटा जागचा हलेना. वऱ्हांड्यातला पंखा कुरकुरत होता, तेवढंच काय ते यंत्राने टिपलं.

"करा सुरू," बाई म्हणाल्या.

मुलीने लंबूकडे पाहिलं. लंबू तिचा वर्गमित्र. दोघांनी वर्षभर खपून ही खोली मढवली होती. शेतात जाळून टाकतात तो पेंढा आणि तूस आणायचं, खळीत कालवायचं, दाबून त्याच्या जाड फळ्या करायच्या. आवाज गिळणाऱ्या फळ्या. पहिल्या चाचणीला त्यांनी चारी भिंती झाकल्या आणि दार तसंच ठेवलं. सगळा आवाज दारातून बाहेर. "खोलीला स्वेटर घातलात आणि गळा उघडा ठेवलात," बाई म्हणाल्या होत्या. अख्खं कॉलेज आठवडाभर हसत होतं. या वेळी त्यांनी दारही मढवलं, फटीसुद्धा बुजवल्या. आज जमलं नाही तर फळ्या उतरवून खोली परत करायची होती.

आवाज करायला मुलीने वडिलांनाच आणून आत बसवलं होतं. ते पत्र्याच्या पेट्या करणारे. त्यांच्या गल्लीत सगळी तीच दुकानं. तिथली पोरं पहिला शब्दसुद्धा ओरडूनच बोलतात. जन्मभर ठोकून ठोकून वडिलांचे कान गेले होते. या फळ्या पहिल्यांदा त्या गल्लीत लावायच्या, हे मुलीने केव्हाच ठरवलं होतं.

"आप्पा, दार लागलं की ठोकायला लागा," असं तिने त्यांना बजावलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. पण ऐकू आलं नाही तरी आप्पा मान डोलावतात, हे तिला आत्ता आठवलं.

"फोन लाव ना," लंबू कुजबुजला.

"उशाशी वाजला तरी त्यांना कळत नाही."

"मग दार वाजव."

तिने दारावर मूठ आपटली. आवाज तिथल्या तिथे पेंढ्यात मुरला. लंबूने कपाळावर हात मारला.

"हाक मारायची सोय ठेवायचीच राहिली की गं!"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आवाजच नाही तर मी मोजू काय? झोपले का तुमचे वडील?"

"नाही बाई. त्यांना जरा कमी ऐकू येतं."

"मग दुसरं कुणी मिळालं नाही?"

"त्यांच्याइतका आवाज दुसऱ्या कुणाला जमत नाही."

बाई हसल्या नाहीत. "दार उघडलंत की चाचणी संपली. मला पुन्हा यायला वेळ नाही."

"थांब जरा," लंबूने तिचा हात धरला. "लागतील ठोकायला."

मुलगी थांबली. तिच्या डोळ्यांपुढे आप्पा आले. हातोडी मांडीवर घेऊन बसलेले, कुणीतरी येऊन सांगेल म्हणून दाराकडे बघत. लेकीच्या कॉलेजात आपलं काही चुकू नये म्हणून जागचे न हलता. वर्ष गेलं तर गेलं. पण त्यांना असं बसवून ठेवणं तिच्याच्याने होईना.

तिने हात सोडवून घेतला आणि दार ओढलं.

खणखणाट अंगावर आला. लंबू भिंतीला जाऊन टेकला. बाईंच्या हातातल्या यंत्राचा काटा सरळ दुसऱ्या टोकाला आपटला. आत दाराकडे पाठ करून आप्पा घामाने निथळत पत्रा बडवत होते. बरोबर आणलेल्या सपाट पत्र्याची निम्मी पेटी झाली होती. दार उघडल्याचंही त्यांना कळलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयातून ग्रंथपाल धावत जिना उतरले. चष्मा हातातच होता.

"अहो, मुलं वाचत बसलीत वर! कुणी सुरू केलं हे आत्ता?"

बाईंनी एकदा मुलीकडे पाहिलं. मग दोन्ही कानांवर हात ठेवून त्या ओरडल्या,

"आत्ता नाही हो! मघापासून चालू आहे!"