रविवारची एसी

"एक नाव सांगा आणि कामाला लागा," डॉक्टर ओटू म्हणाले. "नाही तर या कागदावर सही करा."

कागदावर लिहिलं होतं, की इस्पितळाच्या नोंदी विभागातल्या कारकून एसी क्वान्सा यांनी एका रुग्णाच्या नोंदीतला 'पेनिसिलिन देऊ नये' हा इशारा पुसून टाकला. तो रुग्ण, बंदरावरचा एक कोळी, इंजेक्शननंतर मरता मरता वाचला होता. सही केली की बावीस वर्षांची नोकरी संपली. वर जन्माचा डाग. घानातलं आमचं केप कोस्ट शहर ते केवढं! मासळीबाजारात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"मी पुसलं नाही हो," एसी म्हणाली. सकाळपासून ती दुसरं काही बोललीच नव्हती.

"संगणक खोटं बोलत नाही. तुमच्याच खात्यातून पुसलंय."

तिचं खातं उघडणं काही अवघड नव्हतं. पासवर्ड विसरलात तर संगणक एकच प्रश्न विचारायचा, तुमचा जन्म कोणत्या वारी झाला? परदेशी कंपनीनं काय डोकं चालवलं होतं! आमच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं, त्या वाराचं नाव त्याला मिळतं. एसी म्हणजे रविवारची. फाटकावर मक्याचे उकडलेले गोळे, केंके, विकणारी बाईसुद्धा तिला एसी म्हणूनच हाक मारायची. संगणकाच्या शिकवणीच्या दिवशी या प्रश्नावर सगळे पोट धरून हसले होते. आता कुणी हसत नव्हतं.

"तुम्ही नाही, तर मग तुमच्या जवळचंच कुणीतरी," डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. "विचार करा. तुमची खुर्ची कुणाला हवीय?"

एसीच्या मनात पाल चुकचुकली. टेबलाच्या पलीकडे तिच्याच विभागातली एकुआ बसली होती. अकरा वर्षं दोघी एका वाडग्यात जेवल्या. पण हल्ली एसी जवळ आली की एकुआ पडद्यावरचं झाकायची. गेल्या आठवड्यात तर ती डबा घेऊन एकटीच जिन्याखाली जाऊन बसली. आणि तिच्या शेजारी तो सेलॉर्म, संगणकवाला. सगळ्या खात्यांच्या खाचाखोचा त्याला ठाऊक. डॉक्टरांकडे तासन् तास दार लावून बसायचा.

दार लावून कोण बसत नव्हतं म्हणा! डॉक्टर इस्पितळाचे प्रमुख होऊन आले, 'आजपासून कागद बंद' म्हणाले, आणि सहा महिन्यांत माणसं एकमेकांकडे पाठ करून जेवायला लागली. दर सोमवारी सगळ्यात हळू काम करणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या पडद्यावर झळकायचं. डॉक्टर एकेकाला आत बोलवायचे. बाहेर आलेला काय सांगून आला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. घाईघाईत जुन्या फायलींमधले निम्मे इशारे संगणकात चढलेच नाहीत, हे एसीनं दोनदा सांगून पाहिलं होतं. "तुम्हाला बदल नकोय," एवढंच उत्तर मिळालं.

एसीनं एकुआकडे पाहिलं. एकुआनं मान खाली घातली. झालं! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं एसीला वाटलं. नाव जिभेच्या टोकावर आलं. घरी तीन पोरं शिकत होती, आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव घ्यायचंच होतं. पण वेळ काढायला म्हणून ती भलतंच बोलली.

"सेलॉर्म, त्या प्रश्नाला उत्तर काय दिलं होतं, तेवढं वाच ना."

"त्याची काही गरज नाही," डॉक्टर म्हणाले.

चौकशीला आरोग्य खात्याकडून लाम्प्टे मॅडम आल्या होत्या. त्या इतका वेळ नुसत्या लिहून घेत होत्या. त्यांनी मान वर केली. "वाचा."

सेलॉर्मनं डॉक्टरांकडे एकदा पाहिलं आणि वाचलं. "दोनदा दिलंय, मॅडम. आधी मंगळवार. ते चुकलं. मग रविवार. उघडलं."

एकुआ फिसकन हसली. "मंगळवार? कुठलं येडं म्हणायचं हे! मंगळवारची असती तर आमची एसी अराबा नसती झाली?"

"येडं कुणी नाही," डॉक्टर ताडकन म्हणाले. "ही बाई मंगळवारचीच आहे. तिनंच उत्तर दिलं, घाबरून गोंधळली, मग सुधारलं. तारीख काढून बघा हवं तर."

ते खरं होतं. एसी जन्मली मंगळवारी. त्याच आठवड्यात आजी गेली, आणि बापानं आपल्या आईचं नाव जसंच्या तसं लेकीला दिलं. आईनं हे एकदाच कधीतरी सांगितलं होतं. ती जाऊनही आता पंधरा वर्षं झाली. एसी स्वतः ते विसरून गेली होती. संगणकाला उत्तर शिकवताना तिनं बिनदिक्कत रविवार लिहिलं होतं. जन्मतारीख तिच्या नोकरीच्या अर्जावर होती, आणि कागद बंद झाल्यापासून सगळ्यांचे अर्ज डॉक्टरांच्या कपाटात होते. पण अर्जावर नुसती तारीख होती. पन्नास वर्षांपूर्वीचा वार काढायचा, तर कुणीतरी मुद्दाम मोजत बसायला हवं.

तिनं एकुआकडे पाहिलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. मग तिनं तो कागद हळूच डॉक्टरांपुढे सरकवला.

"डॉक्टर, मी मंगळवारची आहे हे माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. तुम्ही कशाला काढून ठेवला होता माझा वार?"