पायातला वाळा

पाकिटातून वाळा पडला आणि आयल्सानं तो लगेच ओळखला. फॉकलंड बेटांचा पत्ता कोरलेला तो वाळा एकोणीस वर्षांपूर्वी तिनंच अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या पिल्लाच्या पायात नोंदीसाठी घातला होता. टपालानं वाळा येतो तो मेलेल्या पक्ष्याचाच. सोबतची स्पॅनिश चिठ्ठी वाचून घ्यायचा तिला धीर झाला नाही. ते पिल्लू आता वाढलेली मादी होती; कड्यावर तिचा जोडीदार घरटं लिंपून समुद्राकडे डोळे लावून बसला होता. "नको रे वाट बघूस, राजा," आयल्सा रोज सांगायची. दहाव्या दिवशी एक मादी उतरली. पायात काही नव्हतं, पण नर धडपडत उठला, चोचीवर चोच वाजू लागली. आयल्सानं चिठ्ठी धावत चिलीहून आलेल्या स्वयंपाकिणीकडे नेली. "वाच गं!" वाचता वाचता ती हसत सुटली. "कोळी लिहितोय, 'पाखरू गळातून सोडवलंय. तुम्ही पायात घातलेली बेडी परत पाठवतोय. पुन्हा बांधाल तर याद राखा!'"