ज्याचं त्याचं गाणं

कर्स्टीची गाणी अख्खं स्कॉटलंड गुणगुणायचं, पण ग्रीनॉकच्या तिच्या घरात मात्र कुणीही नाही! घरचा नियमच तसा होता: गाण्याच्या बैठकीत प्रत्येकाचं आपलं एक गाणं, आणि दुसऱ्याने ते गायचं ते ज्याचं गाणं त्याच्या मरणानंतरच.

रविवारी दुपारी ती दौऱ्यावर निघाली, तेव्हा निरोपाला सगळे जमले होते.

"ए पॉपस्टार, आधी स्वतःचं ताट उचल!" आई ओरडली. सगळे खो खो हसले.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या ग्रिझेल आत्याने डोळे मिटून गायला सुरुवात केली. कर्स्टीचं गाणं! ज्या गाण्याने ती रातोरात स्टार झाली, तेच.

आईने हातातली किटली खाली ठेवली. मागच्या नाताळात आत्याने असंच डूगल काकांचं गाणं म्हटलं होतं. काका तेव्हा समोरच बसून मजेत केक खात होते. आठवड्याभरात ते गेले.

"अगं बाई, हे काय केलं मी!" आत्या भानावर आली. "मुद्दाम नाही गं, आपोआप येतं तोंडात."

बाहेर विमानतळावर नेणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. कर्स्टीचं पाऊल दारातच थिजलं.

"घाबरू नकोस, पोरी." आत्याने तिचा हात धरला. "माझं जगून झालंय. तू माझं गाणं गा, म्हणजे तुझ्याआधी माझा नंबर लागेल. चटकन!"

"आत्या, काहीतरीच काय बोलतेस!"

पुन्हा हॉर्न वाजला. आणि कर्स्टी आत्याचं गाणं गायली. आजवर कुठल्याच स्टेजवर गायली नव्हती इतकं सुरेख, एकही कडवं न गाळता.