डिसेंबरची वायर

स्टेशन पुरं झालं होतं. पत्रे, खांब, पूल, घड्याळ, बाकावर पाय पसरून झोपलेला हमाल, सगळं काळ्या शाईत उतरलं होतं. राहिली होती ती फक्त रुळांच्या वरून जाणारी विजेची वायर. भागोजीने टाक शाईत बुडवला, बाटलीच्या काठाला निथळवला आणि तसाच हातात धरून पडवीत बसून राहिला.

वायर तो नेहमी शेवटी काढायचा. पट्टी न लावता, श्वास रोखून, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ. मुंबईच्या स्टेशनांची अकरा चित्रं अशीच झाली आणि कॅलेंडरवाल्या हर्षदकडे रवानाही झाली. डिसेंबर तेवढा उरला होता. पण चार दिवस झाले, भागोजी त्याला हात लावत नव्हता. कधी निब बोथट, कधी उजेड कमी, कधी दिवेआगरची दमट हवा. निमित्तांना काय तोटा!

खरं कारण त्याच्या उजव्या हातात होतं. चार दिवसांपूर्वी टाक धरताना अंगठा आपला आपणच हलला होता. वडिलांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. पुढे पुढे ते चहाला बसले, की हातातली कपबशी अशी वाजायची की पार विहिरीवर ऐकू जायची. "म्हाताऱ्याचा चहा आला," म्हणून पाणी भरणाऱ्या बायका हसायच्या. तेव्हा भागोजीही हसला होता. वाडीतली नारळ-सुपारी त्याची बायको नलू बघायची. त्याला या रेघेशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. हात गेला तर तो करणार काय?

त्याने श्वास रोखला आणि टाक टेकवला. पहिल्या खांबापर्यंत रेघ सरळ गेली. दुसऱ्यापाशी ती थरथरली. थांबला असता तर डाग पडला असता, म्हणून तो तसाच पुढे गेला आणि थरथर शेवटपर्यंत त्याच्यासोबत गेली. शाई ती, खोडणार कशी?

"गाडी येते वाटतं," मागून नलू म्हणाली. चहा घेऊन ती कधी येऊन उभी राहिली, त्याला कळलंच नव्हतं.

"आं? कशावरून?"

"वायर हालते न्हाय का? गाडी यायच्या आधी हालते ती. मी पाह्यलीय दादरला."

भागोजीने चित्राकडे पाहिलं. खरंच की! गाडी कुठे दिसत नव्हती, पण यायला निघाली होती खास. त्याचा जीव भांड्यात पडला. हिला काही कळलं नव्हतं. हर्षदलाही कळणार नव्हतं.

"मुद्दामच हलवलीय," तो म्हणाला आणि जरा हसलाही.

नलूने चहा त्याच्यापुढे ठेवला आणि ती वाळत घातलेल्या सुपाऱ्यांकडे वळली. कप नुसताच होता, तोही अर्धाच भरलेला.

"बशी कुठाय?"

नलू पायरीवर थांबली. मागे मात्र तिने पाहिलं नाही.

"ऱ्हाऊंदे," ती म्हणाली. "म्हयना झाला, वाजते."