उठणारं वळण

माळावरच्या रेसट्रॅकचं तिसरं वळण हुशार होतं. ड्रायव्हरच्या काळजात भीती शिरली, की रस्त्याची बाहेरची कड आपोआप वर उठायची, म्हणजे गाडी घसरत नसे. पण कोण भ्यालं, ते सगळ्या पब्लिकला दिसायचं.

हणमंतासाठी ते वळण कधीच हललं नव्हतं. सपाट रस्त्यावर दोनदा गाडी उलटली, हाडं मोडली, तरी गड्याची मिजास तीच. आज मात्र तो आला आणि रस्ता भिंतीसारखा उभा राहिला.

"उठलं रं, उठलं!" पब्लिक खिदळलं.

"वैनी, दादानं आज नाक कापलं की," मेकॅनिक बंडा म्हणाला.

हणमंताची बायको सुगंधा मात्र खुशीत होती. सकाळीच तिनं नवऱ्याला पोटातल्या बाळाची बातमी दिली होती.

"हसू देत की," ती म्हणाली. "माझा नवरा आता म्हातारा होणार बघ, बंडा."