दारात चेंगरलेलं बोट

कार्यक्रम संपल्यावर अर्मिंडा टीचर काठी टेकत पडद्यामागे आल्या. यामिनी गद्रे चाहत्यांना सह्या देत होती. आपल्या म्हाताऱ्या पियानो-शिक्षिकेला पाहून ती लगबगीनं उठली.

"छान वाजवलंस," टीचर म्हणाल्या. "फक्त शेवटची ती धावती ओळ आहे ना, तिथं अनामिका ताठ धरून मधलं बोट करंगळीवरून पलीकडे टाकलंस. असं का गं?"

"तुम्हीच शिकवलंत, टीचर."

"मी? छे! माझी अनामिका सातव्या वर्षी दारात चेंगरली, ती वाकत नाही, म्हणून मला तसं करावं लागायचं. धडधाकट बोटांचं माणूस कशाला करेल?"

यामिनीनं बाही मनगटावर खाली ओढली. दोन वर्षांपूर्वी तिनंच टीचरच्या हातांत बोटांची हरेक हालचाल टिपून ठेवणारे हातमोजे चढवले होते. तुमचं वादन संग्रहालयाला हवंय, असं सांगून महिनाभर त्यांच्याकडून सगळं वाजवून घेतलं होतं. मग मोज्यांत उतरलेली त्यांच्या हातांची स्मृती तिनं गुपचूप स्वतःच्या मनगटांत बसवून घेतली होती. तेव्हापासून तिचा सराव बंदच होता.

टीचरनी तिचा हात हातात घेतला आणि बाही जराशी वर सारली. मनगटावरचा टाक्याचा बारीक व्रण त्या बराच वेळ बघत राहिल्या. यामिनीला हात सोडवून घ्यायचाही धीर झाला नाही.

शेवटी त्यांनी तिची अनामिका हलकेच चोळली.

"थंडीत हे बोट फार ठणकतं गं," त्या म्हणाल्या. "ते दुखणं तर नाही ना आलं तुझ्याकडे?"